चालत्या घराची वीज

इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या माणसाला जुन्या कागदांचें जें वेड असतें तें जुन्या वस्तूंविषयींही असावें, असें आम्ही गेलीं तीस वर्षें वर्गांत सांगत आलों. परंतु या उपदेशाची परीक्षा आपल्यालाच द्यावी लागेल, आणि तीही एका जुनाट मोटारगाडीच्या पोटांत शिरून, हें कांहीं आमच्या ध्यानींमनीं नव्हतें. २०२३ सालच्या दिवाळीनंतर आम्हीं एक जुनी मॅटॅडोर विकत घेतली. आकुर्डीच्या कारखान्यांत जन्मलेली, पुष्कळ वर्षें माणसांची ने-आण करून थकलेली, आणि शेवटल्या मालकानें आंत बाक, ओटा, पाण्याची टाकी व पंखा बसवून फिरतें घर बनविलेली अशी ती गाडी होती. नोंदणीपुस्तकांत हा बदल रीतसर नोंदलेला होता, इंजिन बरें होतें, पत्राही बरा होता. वीज मात्र मुळींच धड नव्हती. दिवे लागले तर पंखा फिरत नसे, पंखा फिरला तर दिवे मिणमिणत, आणि पहांटे 'सेल्फ' मारावा तर गाडी नुसती कण्हून गप्प बसे.

ती घेण्याचें कारण सांगितलें पाहिजे. आमच्या मातोश्रींचें माहेर जुन्नर तालुक्यांतलें. वयाची ऐंशी उलटल्यावर माणसाच्या इच्छा थोड्या होतात, आणि ज्या उरतात त्या चिवट असतात. माहेरच्या मळ्यांत, विहिरीजवळ, एक रात्र निजावें ही त्यांची इच्छा. पण माहेरचें घर पूर्वींच एका पावसाळ्यांत बसलें, आणि आतां तेथें जोतें व दोन चिंचा एवढेंच शिल्लक आहे. जमीन आहे, छप्पर नाहीं. तेव्हां छप्पर आपणच बरोबर न्यावें अशी कल्पना निघाली. त्या छपराखालीं रात्रीं उठतांबसतां उजेड असावा आणि दम्याच्या जिवाला पंख्याचा वारा असावा, एवढीच मातोश्रींची अट. या दोन साध्या गोष्टींसाठीं आम्हांला तेरा महिने लागले.

एका प्राध्यापकाच्या गाडींतील दिवे लागत नव्हते, यांत मासिकाच्या वाचकांनीं वाचावें असें काय आहे, असा प्रश्न कोणी विचारील तर तो योग्यच आहे. आमचें उत्तर असें कीं, ज्या पिंपरी-चिंचवड व चाकणच्या पट्ट्यांत आम्ही राहतों त्याचा गेल्या पाऊणशें वर्षांचा इतिहास समारंभांच्या कोनशिलांपेक्षां येथें बनलेल्या वस्तूंच्या पोटांत अधिक खरेपणानें लिहिलेला आहे. कोनशिलेवर ती बसविणाऱ्याचें नांव असतें. गाडीच्या पोटांत ती बांधणाऱ्यांचा, आणि पुढें ती चालती ठेवणाऱ्यांचा हात असतो. तो वाचावयाचा कसा, हें आम्हांला या तेरा महिन्यांत थोडेंसें कळलें.

फिरतें घर ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. लमाणांचे तांडे, घिसाड्यांचीं पालें, धनगरांचीं घोड्यांवर लादलेलीं बिऱ्हाडें हीं आपण सर्वांनीं पाहिलेलीं आहेत. इंग्रजी अमलांत जिल्ह्याचे कलेक्टरही हिंवाळ्यांत डेरे घेऊन मुलुखभर फिरत. परंतु केवळ हौसेच्या प्रवासासाठीं बांधलेलें पहिलें प्रसिद्ध घर म्हणजे गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या निवृत्त आरमारी वैद्यानें १८८५ सालीं ब्रिस्टल येथें बांधवून घेतलेला 'वाँडरर'. त्याला दोन घोडे ओढीत, आणि विजेचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५१ सालापासून, जर्मनींतील वेस्टफालिया या कंपनीनें फोक्सवॅगनच्या डबागाडींत बिछाना, कपाट व पडदे बसवून दिले, आणि मोटारीचें घर मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवांक्यांत आलें. महाराष्ट्र शासनानें या तऱ्हेच्या पर्यटनाचें धोरण जाहीर केलें तें २०२१ सालीं. लमाण व घिसाडी मात्र कोणत्याही धोरणाची वाट न पाहतां शतकानुशतकें फिरतच होते.

अशा घरांत विजेचा दिवा यावयाचा, तर वीज सांठविण्याची युक्ति आधीं हवी. व्होल्टानें १८०० सालीं विजेचा घट केला. पण तो एकदां संपला कीं संपला. रिकामा झालेला घट पुन्हां भरतां येतो, हें गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लांत बुडवून सिद्ध केलें, आणि कामिय फोर यानें १८८१ सालीं त्या पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन घटाची धारणाशक्ति वाढविली. आमच्या गाडीच्या बॅटरीची जात आजही तीच आहे. तिच्यांत सहा खण, प्रत्येकाचा सुमारें दोन व्होल्ट दाब, आणि सर्व मिळून बारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आगगाडीच्या डब्यांत विजेचे दिवे आले तेही याच जोडीवर: डब्याच्या आंसावरून पट्ट्यानें फिरणारा डायनामो, आणि गाडी स्टेशनांत उभी असतां दिवे जळत ठेवणारी बॅटरी. चालतांना मिळवावें आणि थांबल्यावर खावें, हा चालत्या घराच्या विजेचा मूळ हिशेब तेव्हांच ठरला.

मोटारींत ही जोडी स्थिरावण्यास मात्र वेळ लागला. आरंभींच्या मोटारींचे दिवे कार्बाइडच्या वायूवर जळत आणि इंजिन हातानें दांडा फिरवून सुरू करावें लागे. तो दांडा उलट फिरून मनगट मोडणें ही नित्याची गोष्ट होती. १९१२ सालीं चार्ल्स केटरिंग याच्या योजनेप्रमाणें कॅडिलॅक गाड्यांना विजेचा 'सेल्फ' बसला, आणि तेव्हांपासून बॅटरी हा मोटारीचा आवश्यक अवयव झाला. प्रथम सहा व्होल्टांचा प्रघात पुष्कळ होता. दिवे व यंत्रें वाढलीं तशीं बारा व्होल्टांवर यावें लागलें. कारण उघड आहे. तेवढेंच काम दुप्पट दाबानें केलें तर प्रवाह निम्मा लागतो, आणि तार कमी तापते. पुढें १९६० च्या सुमारास डायनामोची जागा अल्टरनेटर घेऊं लागला. तो इंजिन संथ चालत असतांही बॅटरी भरीत राहतो. आमच्या गाडीचें इंजिन डिझेलचें, म्हणजे त्याला ठिणगी लागत नाहीं. एकदां सुरू झालें कीं तें विजेवांचून चालूं शकतें. याच गुणामुळें आधींच्या मालकांना उताराचा आधार घेऊन गाडी सुरू करण्याची संवय लागली, आणि विजेचा रोग वर्षानुवर्षें अंगावर निघाला.

आतां या गाडीच्या कुळाकडे वळूं. टाटांनीं १९१५ सालीं खोपोलीस घाटमाथ्याच्या पाण्यावर वीज काढली ती मुंबईच्या गिरण्यांसाठीं. पुढें १ जून १९३० रोजीं डेक्कन क्वीन विजेवर धांवूं लागली ती चिंचवडावरूनच, पण रुळांच्या दोन्ही अंगांस होतीं तीं ज्वारी-बाजरीचीं शेतें. चिंचवड हें मोरया गोसावींचें म्हणून आणि चापेकर बंधूंचें म्हणून महाराष्ट्राला ठाऊक होतें. पिंपरी फारशी कोणास ठाऊक नव्हती. फाळणीनंतर तेथें सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन येथें बनूं लागलें. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाल्यावर तर या बाजूचें रूपच पालटलें. टेल्को आली, बजाज ऑटो आली. १९६९ सालीं चिंचवडला बॅटऱ्यांचा कारखाना उभा राहिला, आणि ती कंपनी पुढें एक्साइड या नांवानें ओळखली जाऊं लागली. १९८२ सालीं महानगरपालिका झाली. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या त्यांचींच मुलें पुष्कळ वेळां त्या जमिनींवरील कारखान्यांत हातांत पाना घेऊन उभीं राहिलीं.

मॅटॅडोरचें घराणें मूळचें जर्मन. हांबुर्गजवळच्या हारबुर्ग येथें विडाल पितापुत्रांची 'टेंपो' नांवाची पेढी होती. तिनें १९४९ सालीं या नांवाची लहान मालमोटार काढली, आणि गंमत अशी कीं पहिल्या कांहीं वर्षांत तिचें इंजिन असे तें फोक्सवॅगनचें. या पेढीच्या सहकार्यानें १९५८ सालीं नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकारानें बजाज टेंपो ही कंपनी निघाली. तिनें आधीं तीन चाकांची हॅन्सिट काढली आणि नंतर मॅटॅडोर. जर्मनींतील मूळ पेढी हानोमागमध्यें आणि त्यानंतर डाइम्लर-बेंझमध्यें विलीन होऊन नाहींशी झाली. आकुर्डीची शाखा वृक्षावांचून वाढली, आणि २००५ सालीं तिनें फोर्स मोटर्स हें नांव घेतलें. परंतु मराठी भाषेनें जुनें नांव सोडलें नाहीं. भाजीचा टेंपो, विटांचा टेंपो, गणपतीच्या मिरवणुकीचा टेंपो, असें आपण रोज म्हणतों, आणि आपण एका परदेशी पेढीचें विशेषनाम उच्चारीत आहों याची कोणाला आठवणही नसते.

पट्ट्याचें दुसरें टोक चाकण. हें नांव निघालें कीं इतिहासाच्या माणसाला १६६० साल आठवल्याशिवाय राहत नाहीं. फिरंगोजी नरसाळ्यानें संग्रामदुर्गाच्या भुईकोटांतून शाइस्ताखानाच्या अफाट फौजेला पन्नासांहून अधिक दिवस थोपविलें, आणि सुरुंगानें बुरूज उडाल्यावरच किल्ला गेला. त्याच चाकणांत २००९ सालीं फोक्सवॅगनचा कारखाना उघडला. ज्या कंपनीच्या इंजिनावर पहिली मॅटॅडोर धांवली ती कंपनी साठ वर्षांनीं मॅटॅडोरच्या शेजारास येऊन बसली, हा योगायोग आम्हांला मोठा मौजेचा वाटतो. असो. बुरुजाप्रमाणें आमच्या गाडीचें दुखणेंही आंतून पोखरलेलें होतें, तिकडे वळलें पाहिजे.

पहिल्यानें आम्ही गाडी एका दुकानीं नेली. तेथील तरुणानें पांच मिनिटें पाहून सांगितलें कीं, सर्व तारा उपटाव्या आणि नव्या घालाव्या. सल्ला सोपा होता आणि कदाचित् फायद्याचाही. पण आमचें मन घेईना. मग आमच्या मदतीस आले ते एका कारखान्यांतून निवृत्त झालेले वायरिंगचे कारागीर. वय सत्तरीच्या पुढें, डोळ्यांवर जाड भिंगें, बोलणें मोजकें. आपलें नांव छापलेलें त्यांना आवडणार नाहीं, म्हणून देत नाहीं. त्यांनीं दुकानदाराचा सल्ला ऐकून घेतला आणि एवढेंच म्हटलें, "सर, उपटायला एक दिवस लागतो. पण कुठली तार कशाला जात होती, हें मग कोणाला विचाराल?" मूळ साधनें नष्ट करून इतिहास लिहिणाऱ्यांविषयीं आम्ही वर्गांत जें बोलत आलों तें याहून निराळें नव्हतें.

त्यांनीं प्रथम बॅटरी हातीं घेतली. रात्रभर स्वस्थ ठेवलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट दिसला. म्हणजे पुस्तकाप्रमाणें ती जवळजवळ भरलेली. आम्ही समाधान पावलों. ते पावले नाहींत. त्यांनीं आम्हांला सेल्फ मारावयास सांगितलें, आणि त्या क्षणीं मीटरचा आंकडा आठांपर्यंत घसरला. स्वस्थ बसलेला साक्षीदार कांहींही सांगतो; खरें कळतें तें उलटतपासणींत. बॅटरीच्या टोकावर पांढरा-हिरवा क्षार दाटला होता. तो त्यांनीं खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानें धुतला, टोंक घासून लखलखीत केलें, जोड घट्ट आवळला. पुन्हां सेल्फ मारला तेव्हां दाब साडेदहांच्या खालीं गेला नाहीं, आणि इंजिन एका दमांत सुरू झालें. दोन मालकांनीं ज्या दोषापायीं नव्या बॅटऱ्या घेतल्या होत्या तो मूठभर सोड्यानें गेला.

दुसरा दोष अधिक फसवा होता. ब्रेक दाबला कीं आंतल्या खोलींतला दिवा मंद पेटे, आणि वळण्याचा दिवा लुकलुकूं लागला कीं मागचे सर्व दिवे त्याच्या तालावर नाचत. आम्ही दोन दिवस ब्रेकच्या तारेचा माग काढीत बसलों. तारेंत कांहींच दोष नव्हता. घरांत विजेला जाण्याची व परतण्याची अशा दोन तारा असतात. मोटारींत जाण्याची तार तेवढी असते; परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. जेथें दिव्याचा खिळा पत्र्याला लागतो तेथें गंज चढला, अथवा कोणीं हौसेनें रंगाचा हात दिला, कीं परतीची वाट बंद होते, आणि प्रवाह शेजारच्या दिव्यांतून, भलत्याच तारेंतून उलट वाट काढतो. मागच्या एका स्क्रूखालचा गंज कानशीनें घासतांच नाच थांबला. परिणाम जेथें दिसतो तेथेंच कारण असलें पाहिजे, हा समज इतिहासांत किती घातक आहे तें आम्हांला ठाऊक होतें. तरी दोन दिवस आम्ही त्यालाच बळी पडलों.

त्यानंतर आम्हीं बाक व फळ्या काढल्या, आणि तेथें उत्खननांत दिसावे तसे एकावर एक चार थर आढळले. तळाचा थर कारखान्याचा. तारांचे रंग नियमाप्रमाणें, जुडगा पट्टीनें गुंडाळलेला, प्रत्येक वळणाला पकड. इतक्या वर्षांनींही त्यांतील एक जोड सैल नव्हता. कारागिरांनीं त्या जुडग्यावरून हात फिरविला आणि ते म्हणाले, "हा बायांच्या हातचा वाटतो. जुडगे बांधायला बाया बसत; त्यांची गुंडाळी अशी सारखी येते." दुसरा थर प्रवासी वाहतुकीच्या काळचा: गाण्याच्या यंत्रासाठीं व समोरच्या देवाच्या तसबिरीभोंवतीं रंगीत दिव्यांसाठीं किल्लीच्या तारेला नुसत्या पीळ देऊन जोडलेल्या बारीक तारा. तिसरा थर म्हणजे कोठल्याशा रस्त्यावरची एकच दुरुस्ती. पण काय ती दुरुस्ती! तुटलेली तार झाळून जोडलेली, वर दोऱ्याचे बारीक वेढे, त्यावर पट्टी. रात्रीच्या वेळीं टॉर्चच्या उजेडांत, बाहेर उतारू खोळंबलेले असतां, कोणा अज्ञात माणसानें ती केली असेल. त्याचें नांव कळण्यास मार्ग नाहीं. पण त्याचा जोड टिकला.

चौथा थर फिरत्या घराचा, आणि खरा धोका त्यांत होता. ज्या वायरमननें हें काम केलें त्याला घरांच्या विजेचें चांगलें ज्ञान असावें. स्विचांचें लाकडी फलक सुबक होते. चूक एवढीच कीं, घराचा नियम त्यानें गाडीला लावला. तांब्याची एक चौरस मिलिमीटर जाडीची तार घ्यावी. पंखा, दिवे व लहान शीतकपाट मिळून दहा अँपिअर प्रवाह धरावा. बॅटरीपासून अंतर पांच मीटर, म्हणजे जाऊन येऊन दहा. या तारेंत पावणेदोन व्होल्ट दाब वाटेंतच खर्च होतो. बारांतून पावणेदोन गेल्यावर पंखा कसा फिरावा? तेवढ्याच कामाला घरच्या २३० व्होल्टांवर जेमतेम अर्धा अँपिअर लागतो, आणि त्याच तारेंत एक दशांश व्होल्टही खर्च होत नाहीं. म्हणजे जी तार घरांत निर्दोष, तीच गाडींत अपुरी.

याहून वाईट गोष्ट पुढें दिसली. बॅटरीपासून निघालेल्या त्या तारेला फ्यूज नव्हता. ती पत्र्याच्या एका उघड्या भोकांतून आंत शिरली होती; गाडीच्या हादऱ्यांनीं भोकाची कड तिच्या कवचाला कुरतडीत होती, आणि एका जागीं तांबें उघडें पडलें होतें. बारा व्होल्टांचा माणसाला झटका बसत नाहीं, म्हणून लोक या विजेला निरुपद्रवी समजतात. परंतु बॅटरीचीं दोन टोकें थेट जुळलीं तर क्षणांत शेंकडों अँपिअर वाहतात, आणि तार लाल होते. फ्यूज असतो तो यंत्राच्या रक्षणासाठीं नव्हे. तो असतो तारेच्या रक्षणासाठीं, आणि म्हणून तो बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावरच हवा. त्या उघड्या तांब्याच्या वर, बाकाच्या फळीला खालच्या अंगानें, रुपयाएवढा काळा डाग पडलेला होता. म्हणजे एकदां, केव्हां तरी, आग लागतां लागतां राहिली होती. मातोश्रींची गादी आम्ही घालणार होतों ती त्याच बाकावर. त्या दिवशीं आम्हीं काम पुढें चालविलें नाहीं.

दुरुस्ती झाली ती या वाचनाच्या आधारें. पहिला थर तसाच ठेवला. तिसऱ्या थरांतील तो जोडही ठेवला. दुसरा व चौथा थर काढून टाकला. घरासाठीं शंभर अँपिअर-तासांची वेगळी बॅटरी, वायु खेळेल अशा पेटींत बसविली, कारण भरतांना तिच्यांतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. इंजिन चालू असेल तेव्हांच दोन्ही बॅटऱ्या जोडाव्या आणि थांबतांच तोडाव्या, यासाठीं मध्यें रिले घातला; त्यामुळें रात्रीं पंख्यानें कितीही वीज खाल्ली तरी पहांटेच्या सेल्फचा वांटा सुरक्षित राहतो. तार सहा चौरस मिलिमीटरची घेतली, आणि पावणेदोन व्होल्टांचा तोटा तीन दशांशांवर आला. छपरावर सूर्यप्रकाशाची शंभर वॉटची पाटी ठेवली. तिचा पूर्वज अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९५४ सालीं, म्हणजे पिंपरीच्या पेनिसिलिन कारखान्याच्या स्थापनेच्याच वर्षीं, जगापुढें आला होता. मग हिशेब मांडला. पंख्याला दोन अँपिअर, आठ तास, दिव्यांना एक अँपिअर, पांच तास, एकूण एकवीस. शिशाच्या बॅटरीचा निम्माच सांठा वापरावा असा दंडक आहे, म्हणजे पन्नास. ऊन पडलें नाहीं तरी दोन रात्री निश्चिंत. शीतकपाट मात्र या हिशेबांत बसेना. मातोश्रींनीं माठ सुचविला, आणि तो प्रश्न मिटला.

या कामांतील कांहीं जुने भाग, फ्यूजची पेटी व रिलेची बैठक, आम्हांला २०२४ च्या उन्हाळ्यांत चिखलीजवळच्या कुदळवाडींत मिळाले. भंगाराचीं गोदामें, पत्र्याच्या शेडी, मोडलेल्या गाड्यांच्या राशी. कोणत्या गाडीचा कोणता भाग कोणत्या राशींत आहे हें तेथील माणसें वहीवांचून सांगत. २०२५ च्या फेब्रुवारींत महानगरपालिकेनें तेथील हजारों बांधकामें पाडलीं. तेथें आगी लागत, धुरानें व सांडपाण्यानें लोक त्रासले होते, इंद्रायणी बिघडत होती. या तक्रारी खोट्या नव्हत्या, आणि कायद्याचें म्हणणेंही खोटें नव्हतें. तरीपण ज्या दप्तरखान्यांत आपण काल कागद पाहिला तो आज जागेवर नाहीं असें कळल्यावर इतिहासाच्या माणसाला जें वाटतें तें आम्हांला वाटलें. लोखंड कोठें तरी वितळून पुन्हां उपयोगीं पडेल. तें कोणत्या गाडीचें आणि कशाला बसतें, हें ज्ञान वितळवून पुन्हां ओततां येत नाहीं.

चाकणला आतां विजेवर चालणाऱ्या मोटारी बनतात. त्यांच्या मोठ्या बॅटरीचा दाब शेंकडों व्होल्टांचा, तारा नारिंगी रंगाच्या, आणि दोष सांगतो तो संगणक. त्या गाड्यांत टॉर्च घेऊन शिरणें हें धाडस नव्हे, मरण आहे. म्हणून जुन्या कारागिरीचें गाणें गाऊन नव्या विद्येला नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, या पट्ट्यांतील कारखान्यांचे इतिहास लिहिले जातील तेव्हां संस्थापकांचीं चरित्रें व उत्पादनाचे आंकडे यांबरोबर जुडगे बांधणाऱ्या बायांचा, रस्त्यावर तार झाळणाऱ्या माणसाचा आणि कुदळवाडींतील त्या बिनवहीच्या स्मरणाचाही एक अध्याय असावा. त्याचीं साधनें हयात आहेत. तीं सत्तरीच्या पुढें गेलेलीं आहेत. विचारावयाचें असेल तर आतांच विचारलें पाहिजे.

२०२४ च्या डिसेंबरांत आम्ही निघालों. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगांव असें करीत दिवस मावळण्यापूर्वीं मळ्यांत पोंचलों. जुन्नर भागांत बिबट्यांचा वावर फार. तेव्हां दाराबाहेरचा दिवा ही तेथें चैन नव्हे. तो रात्रभर जळला. मातोश्रींनीं पंखा लावूं दिला, मग थंडी वाजते म्हणून बंद करावयास सांगितला, आणि लहानपणीं या घरांत कंदिलाची कांच पुसण्याचें काम आपल्याकडे होतें हें दोनदां सांगून त्या झोंपीं गेल्या. सकाळीं बॅटरीचा दाब १२.५ होता.

परत आल्यावर आम्हीं गाडींतील सर्व तारांचा नकाशा मोठ्या कागदावर काढला आणि दाराच्या आंतल्या बाजूस लावला, कारण ही गाडी आमच्यापाशीं कायम राहणार नाहीं, आणि पुढच्या मालकाला चार थर पुन्हां खणावे लागूं नयेत. कागदाच्या तळाशीं आपलें नांव घालावें असा आग्रह आम्हीं कारागिरांना केला; त्यांनीं तो मानला नाहीं. मात्र नकाशा शेवटपर्यंत तपासून त्यांनीं पेन्सिल मागून घेतली, आणि पहिल्या थरांतील एका करड्या तारेजवळ आपल्या अक्षरांत लिहिलें: "ही कुठें जाते तें कळलें नाहीं. तोडूं नये."